घरात पत्ते वाटणारा एकच असावा

मी ३१ वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काम केलं. त्यातली बरीचशी एमडीएफवर, म्हणजे गावातल्या प्रत्येक टेलिफोनची तांब्याची जोडी जिथं येऊन टेकते त्या लोखंडी चौकटीपुढे. कुठली जोडी कुठल्या नंबराला जोडली आहे हे रजिस्टरात पेन्सिलीनं लिहिलेलं असायचं. नोंद चुकली की एका घरी केलेला फोन दुसऱ्याच घरी वाजायचा. निवृत्तीनंतर साताऱ्यात आमच्या गल्लीतले लोक राउटर घेऊन माझ्याकडे येऊ लागले, तेव्हा मला ते काम परकं वाटलं नाही. नंबर कुणी द्यायचा, कुणाला दिला, कुठं लिहून ठेवला, हे प्रश्न तेच आहेत. या महिन्यातली बहुतेक पत्रंही त्याच प्रश्नाभोवती फिरतात, म्हणून ती एकत्र घेतली आहेत.

ताई, आमच्या घरी खाली फायबरवाल्यांनी बसवलेला राउटर आहे. वरच्या मजल्यावर वाय-फाय पोहोचत नाही म्हणून मुलानं दिवाळीत दुसरा राउटर आणला आणि जिन्यातून लॅन केबल नेऊन त्याच्या निळ्या पोर्टात जोडली. इंटरनेट मिळू लागलं, पण खालून फोनवर पाठवलेलं पान वरच्या खोलीतल्या प्रिंटरवर येईना. ओळखीच्या एकानं केबल पिवळ्या पोर्टात लावायला सांगितली. तेव्हापासून सगळ्या घराचंच बिघडलं. कधी चालतं, कधी नाही. सूनबाई पुण्याच्या कंपनीचं काम घरून करतात, त्यांची मीटिंग मधेच तुटते. दुकानदार म्हणतो, राउटर बदला. बदलू का?
– एक वाचक, कराड तालुका

काका, एक पैसाही खर्च करू नका. तुमचे दोन्ही राउटर धडधाकट आहेत. मी तुम्हाला उलट टपाली एकच गोष्ट विचारली होती: घरातल्या दोन फोनांवर वाय-फायच्या तपशिलात जाऊन 'गेटवे' या शब्दापुढे काय लिहिलं आहे ते कळवा. तुम्ही कळवलंत, एका फोनवर १९२.१६८.१.१ आणि दुसऱ्यावर १९२.१६८.०.१. दुखणं तिथंच सापडलं.

घरातला प्रत्येक फोन, लॅपटॉप, टीव्ही वाय-फायला जोडला गेला की पहिल्यांदा हाक मारतो, "मला पत्ता द्या." ही हाक कुणा एकाच्या नावानं नसते, सगळ्या घरात जाते. राउटरमध्ये बसलेला डीएचसीपी सर्व्हर ती ऐकतो आणि सांगतो: हा घे तुझा पत्ता, बाहेर जायचं असेल तर या दारानं जा, आणि अमुक वेळानं पत्ता पुन्हा मागून घे. 'दार' म्हणजेच तो गेटवे. आता तुमच्या घरात ही हाक ऐकणारे दोघे झाले आहेत. खालचा राउटर म्हणतो, माझ्या दारानं जा. वरचाही तेच म्हणतो. ज्याचं उत्तर आधी पोहोचेल ते फोन बहुधा मान्य करतो. खालच्या राउटरचं उत्तर मिळालेला फोन इंटरनेटवर जातो. वरच्याचं मिळालेला त्याच्या दाराशी जाऊन उभा राहतो, आणि त्या दारामागे रस्ताच नाही, कारण त्याचा निळा पोर्ट आता रिकामा आहे. सूनबाईंच्या लॅपटॉपनं सकाळी कुणाकडून पत्ता घेतला यावर त्यांची मीटिंग ठरते. पत्त्याची मुदत संपली किंवा लॅपटॉप झोपून उठला, की पुन्हा नव्यानं सोडत.

एक्स्चेंजमध्ये नव्या जोडणीला नंबर देणारं टेबल एकच असायचं. दोन टेबलांवरून नंबर वाटले असते तर काय झालं असतं याची कल्पनाही मला करवत नाही.

निळ्या पोर्टात केबल होती तेव्हाचा त्रास मात्र वेगळा होता, तो समजून घ्या. निळा पोर्ट म्हणजे वॅन, बाहेरच्या जगाची बाजू. तिथं केबल लावली की वरचा राउटर खालच्या घरालाच 'बाहेरचं जग' समजतो आणि स्वतःमागे वेगळं, कुंपण घातलेलं जाळं उभं करतो. आतले बाहेर जाऊ शकतात, बाहेरचे आत येऊ शकत नाहीत. म्हणून वरच्यांना इंटरनेट मिळालं, पण खालच्या फोनला कुंपणाआडचा प्रिंटर दिसला नाही. पिवळा पोर्ट म्हणजे लॅन, घराच्या आतली बाजू. तेव्हा तुमचा ओळखीचा माणूस पिवळ्या पोर्टाबद्दल बोलला ते बरोबरच होतं. त्यानं काम अर्धवट सोडलं एवढंच.

राहिलेलं अर्धं काम असं करा. जिन्यातली केबल वरच्या राउटरमधून काढा. लॅपटॉप दुसऱ्या एका छोट्या लॅन केबलनं वरच्या राउटरच्या पिवळ्या पोर्टाला जोडा, त्याचं वाय-फाय बंद ठेवा आणि ब्राउझरच्या वरच्या पट्टीत वरच्या राउटरचा पत्ता १९२.१६८.०.१ टाइप करा. (आकडे इंग्रजी कळफलकावरून. मी इथं मराठीत छापते आहे, पण मराठी आकडे तिथं चालत नाहीत.) आत गेल्यावर आधी पाहा, 'ऑपरेशन मोड' किंवा 'अ‍ॅक्सेस पॉइंट मोड' असं काही दिसतं का. अलीकडच्या बहुतेक राउटरांत असतं. असेल तर तेच निवडा. राउटर पत्ते वाटणं आपणहून थांबवतो आणि जिन्यातली केबल पुन्हा लावण्यापलीकडे पुढचं काही करावं लागत नाही.

नसेल तर हातानं करायचं. 'लॅन' नावाच्या पानावर राउटरचा स्वतःचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ करा. सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० आहे तसाच राहू द्या. सेव्ह केल्याबरोबर पान हरवेल, कारण ज्या पत्त्यावर तुम्ही उभे होता तोच बदलला. घाबरू नका. मिनिटभर थांबा, लॅपटॉपची केबल काढून पुन्हा लावा आणि नवा पत्ता टाइप करून आत जा. आता 'डीएचसीपी सर्व्हर' बंद करा, सेव्ह करा. मग जिन्यातली केबल पिवळ्या पोर्टात, निळ्यात नाही. वरच्या राउटरचा इंटरनेटचा दिवा विझलेला किंवा केशरी दिसेल. तो तसाच दिसायला हवा.

या कामातला क्रम महत्त्वाचा आहे. डीएचसीपी आधी बंद केलंत तर लॅपटॉपला पत्ता देणारं कुणीच उरत नाही, तो १६९.२५४ नं सुरू होणारा पत्ता स्वतःच स्वतःला देतो, आणि तुम्हाला वाटतं राउटर मेला. हा १६९.२५४ कुठंही दिसला की समजायचं, 'मी हाक मारली, पण ओ दिली नाही कुणी.'

एक शेवटचं, खालच्या राउटरवर. त्याच्या डीएचसीपीच्या पानावर पत्ते कुठून कुठपर्यंत वाटायचे याची हद्द असते. ती १९२.१६८.१.१०० ते १९२.१६८.१.१९९ अशी करा. १०० पत्ते एका घराला भरपूर झाले. २ पासून ९९ पर्यंतचे पत्ते मग वाटपाच्या बाहेर राहतात, आणि वरच्या राउटरला दिलेला २ नंबर उद्या कुणा पाहुण्याच्या फोनला जात नाही. दोन्हीकडे वाय-फायचं नाव आणि पासवर्ड एकच ठेवा, म्हणजे जिना चढताना फोन आपोआप वरच्याला धरेल. २.४ गिगाहर्ट्झचं चॅनल मात्र वेगवेगळं, एकाला १, दुसऱ्याला ६ किंवा ११. हे तीन चॅनल एकमेकांच्या अंगावर येत नाहीत.

तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलं आहे की शेजाऱ्यांच्या घरीही १९२.१६८.१.१ आहे, मग गोंधळ कसा होत नाही? फार चांगला प्रश्न आहे. १९९६ च्या फेब्रुवारीत इंटरनेटच्या नियमकर्त्यांनी पत्त्यांचे तीन पट्टे घरगुती वापरासाठी राखून ठेवले: १० नं सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ मधले आणि १९२.१६८ नं सुरू होणारे. हे पत्ते कुणीही आपल्या उंबऱ्याच्या आत वापरावेत, बाहेर त्यांना किंमत नाही. 'माजघर' प्रत्येक वाड्यात असतं, पोस्टमन त्यावरून पत्र टाकत नाही, तसंच.

राउटरचं पान उघडतच नाही. १९२.१६८.१.१ टाइप करते, नुसतं फिरत राहतं.
– एक वाचक भगिनी, लातूर

तुमच्या राउटरचा पत्ता तो असेलच असं नाही. कुणाचा १९२.१६८.०.१ असतो, कुणाचा १९२.१६८.२९.१. ऐकीव पत्ता टाकू नका, फोनच्या वाय-फाय तपशिलातला गेटवे पाहून तोच टाका. आणि फोनवरून करत असाल तर आधी मोबाइल डेटा बंद करा.

मी घरी आठवी ते दहावीच्या शिकवण्या घेते. वाय-फायवरचा प्रिंटर आहे. लाईट जाऊन आली की संगणक म्हणतो, प्रिंटर ऑफलाइन. प्रत्येक वेळी प्रिंटर काढून पुन्हा नव्यानं जोडावा लागतो. परीक्षेच्या आठवड्यात प्रश्नपत्रिका काढायच्या असतात आणि नेमकं तेव्हाच.
– एक शिक्षिका, नाशिक रोड

बाई, तुमचा हा त्रास मी किमान २० घरांत पाहिला आहे, आणि प्रत्येक ठिकाणी प्रिंटरलाच दोष दिला जात होता. लाईट जाते तेव्हा राउटरही बंद पडतो, आणि कुठला पत्ता कुणाला दिला होता ही यादी बऱ्याच घरगुती राउटरांच्या स्मरणातून पुसली जाते. लाईट आल्यावर सगळी उपकरणं एकदम पत्ता मागतात. काल प्रिंटरकडे १०३ होता, आज तो टीव्हीनं पटकावला आणि प्रिंटरला १०६ मिळाला. तुमचा संगणक मात्र कालचाच पत्ता धरून बसला आहे. तो १०३ वर पान पाठवतो, तिथं टीव्ही आहे.

उपाय म्हणजे प्रिंटरसाठी एक पत्ता कायमचा राखून ठेवणं. राउटरच्या डीएचसीपीच्या पानावरच 'अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन' किंवा 'स्टॅटिक लीज' अशा नावाची जागा सापडेल. तिथं दोन गोष्टी भरायच्या. पहिली, प्रिंटरचा मॅक अ‍ॅड्रेस. तो कारखान्यातच मिळालेला असतो: १२ अक्षरांचा, शून्य ते नऊ आकडे आणि ए ते एफ ही इंग्रजी अक्षरं, दोन-दोनच्या जोड्यांनी लिहिलेला. प्रिंटरवरून त्याच्या नेटवर्कच्या माहितीचं पान छापता येतं, त्यावर तो असतो. दुसरी गोष्ट, तुम्हाला द्यायचा पत्ता, समजा १९२.१६८.१.५०. सेव्ह करा, प्रिंटर बंद करून चालू करा, आणि संगणकावर प्रिंटर एकदाच नव्यानं जोडताना 'आयपी पत्त्यानं जोडा' हा पर्याय घेऊन ५० चा पत्ता द्या. काही राउटर वाटपाच्या हद्दीबाहेरचा पत्ता राखायला नकार देतात. तसं झालं तर हद्दीतलाच एखादा घ्या, राखून ठेवल्यावर राउटर तो दुसऱ्या कुणाला देत नाही.

काही मुलं प्रिंटरच्याच पडद्यावर पत्ता हातानं पक्का करून देतात. मला ते आवडत नाही. राउटरला त्याची खबर नसते, आणि तो पत्ता वाटपाच्या हद्दीत असेल तर राउटर तोच दुसऱ्याला देऊन बसतो. शिवाय राउटर बदलला की सगळं विसरून प्रिंटर भलत्याच पत्त्यावर अडून राहतो. नोंद राउटरमध्ये हवी, रजिस्टर एकच हवं.

फोनसाठी पत्ता राखायचा झाला तर एक अडचण येईल. अँड्रॉइड १० पासून, म्हणजे २०१९ पासून, आणि आयफोनवर २०२० च्या आयओएस १४ पासून, फोन वाय-फायला आपला खरा मॅक अ‍ॅड्रेस सांगत नाही, बनावट सांगतो. बाजारात, स्टेशनवर माग काढला जाऊ नये म्हणून ही सोय आहे आणि ती चांगलीच आहे. घरच्या वाय-फायपुरती ती बंद करून खरा मॅक वापरायला फोनला सांगता येतं.

विद्यार्थ्यांना वाय-फाय देत असाल तर 'गेस्ट नेटवर्क' सुरू करून त्याचाच पासवर्ड द्या. पण प्रिंटर आणि तुमचा संगणक दोन्ही मुख्य जाळ्यातच ठेवा. गेस्टमधून घरातली उपकरणं दिसत नाहीत, तसंच ते बनवलेलं असतं.

गुहागरला आमचं घर आहे, आम्ही ठाण्यात राहतो. तिथं आई एकटी असते म्हणून कॅमेरे लावले. कॅमेरेवाल्यानं राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग करून दिलं, तरी ठाण्याहून काहीच दिसत नाही. त्यानं तीन फेऱ्या मारल्या, प्रत्येक फेरीचे पैसे घेतले.
– एक वाचक, ठाणे

चौथी फेरी मारू देऊ नका. आधी गुहागरच्या राउटरच्या 'स्टेटस' पानावर वॅन किंवा इंटरनेट पत्ता काय आहे ते कुणाकडून तरी पाहून घ्या. तो १०० नं सुरू होऊन दुसरा आकडा ६४ ते १२७ च्या मध्ये असेल, किंवा १० नं सुरू होत असेल, तर पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून येणाऱ्याला थेट कॅमेऱ्यापर्यंत नेणारं दार राउटरमध्ये उघडणं, कितीही वेळा केलं तरी चालणार नाही.

कारण असं. जुन्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते एकूण ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६. ऐकायला प्रचंड, पण जगाला पुरले नाहीत. जागतिक कोठारातले शेवटचे गठ्ठे २०११ च्या फेब्रुवारीत वाटून संपले. मग इंटरनेट पुरवणाऱ्यांनी अनेक घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता द्यायला सुरुवात केली, आणि त्या मधल्या जाळ्यासाठी २०१२ मध्ये १००.६४ पासूनचा पट्टा वेगळा काढला गेला. तुमच्या आईच्या घराला म्हणजे स्वतःचं रस्त्यावरचं दार नाही, चाळीचा सामाईक दरवाजा आहे. राउटरनं आपलं दार उघडं ठेवलं तरी चाळीच्या दरवाज्यावरचा माणूस तुम्हाला आत सोडत नाही.

इंटरनेटवाल्याकडून महिन्याचे वेगळे पैसे भरून स्वतंत्र 'स्टॅटिक आयपी' घेता येतो. पण मी तुम्हाला तो घ्यायला सांगणार नाही. कॅमेऱ्याचं पोर्ट जगासाठी उघडं ठेवणं मला मुळातच पसंत नाही. २०१६ मध्ये मिराई नावाच्या किड्यानं कारखान्याचाच पासवर्ड ठेवलेले लाखो कॅमेरे, डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारे डबे) आणि राउटर ताब्यात घेतले आणि २१ ऑक्टोबरला त्यांच्या जोरावर अमेरिकेतल्या एका मोठ्या डीएनएस कंपनीवर, म्हणजे संकेतस्थळांच्या नावांवरून त्यांचे पत्ते शोधून देणाऱ्या कंपनीवर, हल्ला करून नामांकित संकेतस्थळं तासन्‌तास बंद पाडली. त्या कॅमेऱ्यांच्या मालकांना पत्ताही नव्हता. तुमचा कॅमेरा आईच्या ओटीवर लावलेला आहे. ती कधी जेवते, कधी झोपते, कधी घराबाहेर पडते, हे अनोळखी माणसाला दिसता कामा नये.

म्हणून कॅमेरा बनवणाऱ्या कंपनीचं अ‍ॅप वापरा. त्यात डीव्हीआर स्वतःच आतून बाहेर जोडणी करतो आणि तुमचा फोन त्याला मधल्या सर्व्हरमार्फत गाठतो. चाळीचा दरवाजा आतून बाहेर जाणाऱ्याला अडवत नाही. डीव्हीआरचा 'अ‍ॅडमिन' पासवर्ड आजच बदला. कॅमेरेवाल्यानं उघडलेली पोर्ट राउटरमधून काढून टाका, आणि 'यूपीएनपी' सुरू असेल तर तेही बंद करा, नाहीतर उपकरणं न विचारता स्वतःच दारं उघडतात. डीव्हीआरला मात्र वर बाईंना सांगितलं तसा एक पत्ता राखून ठेवा. आणि राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावा. कोकणात पावसाळ्यात वीज किती वेळा जाते हे मी तुम्हाला सांगायला नको.

वाय-फायचं नाव लपवून ठेवलं तर सुरक्षित राहतं का?
– एक विद्यार्थी, अकोला

नाही. लपवलेलं नाव साध्या साधनानं सापडतं, आणि तुझा फोन ते नाव घेऊन जाईल तिथं हाका मारत फिरतो. वाय-फायच्या सुरक्षेत डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ निवड, लांब पासवर्ड ठेव, पासवर्ड न टाकता जोडू देणारी 'डब्ल्यूपीएस' ही सोय बंद कर.

राउटरच्या आत जायचा पासवर्ड कुणालाच आठवत नाही. मागे बारीक भोकातलं रीसेटचं बटण आहे. दाबू का?
– एक वाचक, मिरज

थांबा, दाबू नका. आधी राउटर उलटा करून खालचं लेबल वाचा. वाय-फायचा पासवर्ड आणि राउटरच्या आत जायचा पासवर्ड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरा बऱ्याचदा त्या लेबलवर छापलेला असतो.

मी हे इतकं अजिजीनं सांगते आहे त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी एका शनिवारी संध्याकाळी मी भावाच्या घरी अशीच पिन घेऊन बसले. १० सेकंद बटण दाबून धरलं. राउटर कोराकरकरीत सुरू झाला, जुना पासवर्ड गेला, मी नवा टाकला. इंटरनेट मात्र आलं नाही. त्या जोडणीला पीपीपीओई नावाचा वेगळा यूजर आयडी आणि पासवर्ड लागत होता. जोडणी देणाऱ्यानं तो बसवतानाच भरला होता, घरात कुणाकडे लिहिलेला नव्हता, आणि माझ्या बोटानं तोही पुसला गेला. त्यांचं ऑफिस सोमवारी उघडणार होतं. भाचीची ऑनलाइन मुलाखत रविवारी सकाळी ११ वाजता होती. ती तिनं गच्चीवर, माझ्या फोनच्या हॉटस्पॉटवर, एका बाजूला पाण्याच्या टाकीचा आधार घेऊन दिली. चूक पूर्णपणे माझी होती. ३१ वर्षं नोंदी ठेवलेल्या बाईनं त्या दिवशी नोंद न पाहता जोडी उपटली, याचं मला आजही वाईट वाटतं.

तर तुम्ही असं करा. जोडणी देणाऱ्याला आधी फोन करा आणि तीन गोष्टी कागदावर उतरवून घ्या: जोडणी कुठल्या प्रकारची आहे, पीपीपीओई असेल तर यूजर आयडी आणि पासवर्ड, आणि व्हीलॅनचा नंबर लागत असेल तर तो. राउटर त्यांच्याच मालकीचा असेल तर ते बहुधा त्यांच्याकडूनच पासवर्ड बदलून देतील, मग बटणाची गरजच उरणार नाही. रीसेट करावंच लागलं तर कामाच्या दिवशी, सकाळी, त्यांचं ऑफिस उघडं असताना करा. सगळं पुन्हा सुरू झालं की वॅन, लॅन आणि वाय-फाय या तिन्ही पानांचे फोटो काढा, 'बॅकअप' असा पर्याय दिसला तर ती फाइल लॅपटॉपवर उतरवून ठेवा, आणि कागद गॅसच्या पुस्तकाबरोबर ठेवा. आमच्या घरी तो तिथंच आहे, पेन्सिलीनं लिहिलेला.